विश्लेषण : टीव्ही आपला, मग रेकॉर्डिंग कुणाचे? लिनक्सवर घरगुती रेकॉर्डर कसा उभारतात?

सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर ‘रेकॉर्ड’चे बटण असते, पण त्या बटणाने साठवलेला कार्यक्रम बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडत नाही. जुना संगणक, उपग्रह ट्यूनर आणि मोफत मिळणारे लिनक्स सॉफ्टवेअर यांच्या मदतीने ही अडचण टाळता येते, तीही कायद्याच्या चौकटीत राहून. हे कसे होते, त्यात अडचणी कोणत्या आणि ही खटपट कुणी करावी?

प्रश्न सुरू झाला कुठून?

आमच्या आत्याच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम काही वर्षांपूर्वी सह्याद्री वाहिनीवर लागला होता. अर्ध्या तासात आत्या जेमतेम चार मिनिटे दिसली, पण एक अभंग तिने एकटीने म्हटला. घरी एका खासगी डीटीएच कंपनीचा रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स होता. त्याला आम्ही आमच्या पैशाने घेतलेली हार्ड डिस्क जोडली होती. कार्यक्रम साठवला, गणपतीत आणि दिवाळीत पाहुण्यांना दाखवला. दीड वर्षाने बॉक्स बिघडला. तंत्रज्ञाने नवा बॉक्स बसवून तीच डिस्क जोडली, तर पडद्यावर एकच सूचना आली : डिस्क वापरण्यासाठी ती फॉरमॅट करा. संगणकाला जोडून पाहिली, तर त्यालाही त्यातले काही वाचता येईना.

तंत्रज्ञाची यात चूक नव्हती. असे बॉक्स रेकॉर्डिंग साठवताना ते सांकेतिक रूपात बदलतात आणि ते उलगडण्याची किल्ली त्याच बॉक्समध्ये असते. बॉक्स गेला की किल्लीही जाते. आत्या आता नाही. डिस्क आमच्याकडे आहे, चार मिनिटे बहुधा अजून तिच्यात आहेत, पण ती पाहण्याचा मार्ग नाही.

नंतर लक्षात आले ते अधिक चुटपुट लावणारे होते. सह्याद्री ही दूरदर्शनची वाहिनी. ज्या क्षणी आमचा बॉक्स तो कार्यक्रम कुलपात ठेवत होता, त्याच क्षणी तोच कार्यक्रम ‘डीडी फ्री डिश’वर कुठल्याही कुलपाशिवाय येत होता. तिथून तो साध्या फाइलच्या रूपात उतरवता आला असता. घरगुती रेकॉर्डरचा सारा मुद्दा एवढाच आहे.

घरगुती रेकॉर्डरची कल्पना कुणाची?

टीव्हीवरचा कार्यक्रम घरी साठवण्याचा हक्क आधी न्यायालयात भांडून मिळाला. व्हिडीओ कॅसेट रेकॉर्डर आले तेव्हा हॉलिवूडच्या स्टुडिओंनी सोनी कंपनीला अमेरिकेत न्यायालयात खेचले. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला, की कार्यक्रम नंतर पाहता यावा म्हणून घरी रेकॉर्ड करणे हा कॉपीराइटचा भंग नाही.

१९९९ मध्ये अमेरिकेत ‘टिवो’ हा हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर बाजारात आला. कॅसेट बदलायची कटकट गेली, चालू कार्यक्रम थांबवता येऊ लागला. पण बॉक्स कंपनीचा आणि त्याच्या सेवेसाठी पैसे वेगळे. त्याच सुमारास काही प्रोग्रामरांनी विचार केला, की हे काम घरचा संगणकही करू शकतो. जर्मनीत क्लाउस श्मिडिंगर यांनी २००० च्या सुमारास उपग्रह वाहिन्यांसाठी ‘व्हीडीआर’ हे सॉफ्टवेअर लिहिले. २००२ मध्ये अमेरिकेत आयझॅक रिचर्ड्स यांनी ‘मिथटीव्ही’ सुरू केले. दोन्ही लिनक्सवर चालणारी, कुणालाही फुकट घेता येतील आणि बदलता येतील अशी. पुढे ‘टीव्हीहेडएंड’ आले. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला बहुधा तेच सोपे जाते.

त्या काळी हे काम जिकिरीचे होते. प्रक्षेपण ॲनालॉग होते, त्यामुळे चित्र आधी अंकांत बदलून मग आक्रसावे लागे. संगणकाला ते झेपत नसे, म्हणून ‘हॉपॉग पीव्हीआर-२५०’सारखी, आक्रसण्याची स्वतंत्र चिप असलेली कार्डे घ्यावी लागत. त्या कार्डांचा ड्रायव्हर अनेक वर्षे स्वतंत्रपणे बसवावा लागे. लिनक्सच्या मूळ गाभ्यात तो २००७ मध्ये आला. डिजिटल प्रक्षेपणाने ही मेहनत संपवली.

बॉक्सच्या आत लिनक्स असतेच, मग वेगळे काय?

हा प्रश्न रास्त आहे. टिवोच्या आतही लिनक्सच होते. आजच्या अनेक सेट टॉप बॉक्समध्ये आणि अँड्रॉइड टीव्हीतही लिनक्सचा गाभा असतो. लिनक्सच्या परवान्यानुसार टिवोने आपला सोर्स कोड दिलाही. पण कुणी त्यात बदल करून तो परत बॉक्समध्ये घातला, की बॉक्स चालायला नकार देई. कारण कंपनीची डिजिटल सही नसलेले सॉफ्टवेअर चालू द्यायचे नाही, अशी व्यवस्था यंत्रातच केलेली होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीने या प्रकाराला ‘टिवोकरण’ असे नाव दिले आणि २००७ मध्ये आलेल्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला आळा घालणारे कलम घातले. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला.

म्हणजे लिनक्स आत असल्याने बॉक्स आपला होत नाही. आत काय चालावे आणि साठवलेले कुठे न्यावे हे आपण ठरवू शकलो, तरच तो आपला. घरी जुळवलेल्या संगणकात हे दोन्ही आपल्या हातात असते.

त्यात लागते काय?

चार वस्तू : डिश, ट्यूनर, संगणक आणि हार्ड डिस्क. डिशवरून येणारी केबल ट्यूनरला जोडायची. ट्यूनर संगणकाच्या आत बसणारे कार्ड असेल किंवा यूएसबीला जोडायचा छोटा डबा असेल. तो डीव्हीबी-एस२ प्रकारचा हवा.

संगणक जुना चालतो. उपग्रहावरून येणारे चित्र आधीच आक्रसलेले असते. संगणकाला फक्त येणारा प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहायचा असतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप किंवा तळहाताएवढा रास्पबेरी पाय हे काम सहज करतो.

जागा किती लागते, याचा हिशेब सोपा आहे. साध्या दर्जाची वाहिनी सेकंदाला ३ मेगाबिट घेते असे धरले, तर तासाभराची फाइल सुमारे १.३५ गिगाबाइटची होते. एक टेराबाइटच्या डिस्कवर सातशेहून अधिक तास मावतात. एचडी वाहिनीला याच्या दुप्पट-तिप्पट जागा लागू शकते.

आणखी एक सोय बॉक्स वापरणाऱ्यांना सहसा माहीत नसते. उपग्रहावरून प्रत्येक वाहिनी सुटी येत नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक वाहिन्या एकत्र येतात, एकाच एसटीत अनेक प्रवासी बसावेत तशा. ट्यूनर ती अख्खी एसटी पकडतो. त्यामुळे एका ट्यूनरवर, एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन-तीन वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. वेगळ्या फ्रिक्वेन्सीवरची वाहिनी त्याच वेळी हवी असेल, तर मात्र दुसरा ट्यूनर लागतो.

महाराष्ट्रात यावर काय पकडता येईल?

छतावरच्या जुन्या अँटेनांना मिळणारे दूरदर्शनचे ॲनालॉग प्रक्षेपण प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने जवळपास बंद केले आहे. खासगी डीटीएच आणि केबलवरच्या वाहिन्या सांकेतिक असतात. त्या अधिकृत बॉक्सशिवाय उघडत नाहीत. उरते ती दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. सध्या ती पूर्व ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या आणि लिलावात जागा घेतलेल्या काही खासगी वाहिन्या तिच्यावर असतात. आपल्या ट्यूनरने शोध घेतल्यावर ज्या वाहिन्या कुलपाविना दिसतील, त्या आपल्या रेकॉर्डरच्या कक्षेत आल्या.

म्हणजे नेहमीच्या खासगी मालिका आणि क्रिकेटचे सगळे सामने यावर मिळतील, या आशेने कुणी हे करू नये. बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम, संगीत, मुलाखती आणि जुने चित्रपट हा त्याचा खरा माल आहे.

उभारणीत अडते कुठे?

सर्वाधिक निराशा ट्यूनर चुकल्याने होते. ट्यूनर लिनक्सवर चालतो का, हे विकत घेण्याआधी पाहावे. नाव आणि खोका तोच, पण आतली चिप बदललेली, असे या धंद्यात होते. ज्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे, असा ट्यूनर निवडला की पुढच्या प्रत्येक अपडेटला धास्ती राहत नाही.

दुसरी अडचण डिशच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीची. उपग्रहाची फ्रिक्वेन्सी केबलला झेपेल इतकी खाली आणण्याचे काम तो करतो. सॉफ्टवेअरमध्ये एलएनबीचा प्रकार चुकीचा निवडला, तर डिश बरोबर लागलेली असूनही एकही वाहिनी सापडत नाही. अनेक जण इथेच डिश हलवायला छतावर जातात आणि होते ते बिघडवून येतात. आधी एलएनबीवर छापलेला आकडा वाचावा.

टीव्हीहेडएंड बसवल्यावर पुढचे सगळे काम ब्राउझरमधून, अगदी मोबाइलवरूनही होते. ट्यूनर सुरू करायचा, उपग्रह आणि एलएनबी निवडायचे, फ्रिक्वेन्सी भरायची, शोध घ्यायचा आणि सापडलेल्या वाहिन्यांची यादी करायची. आधीपासून दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या यादीवर विसंबू नये. ती जुनी असू शकते. सॉफ्टवेअरला पासवर्ड द्यायला विसरू नये आणि ते घराबाहेरच्या इंटरनेटला उघडे ठेवू नये.

रेकॉर्डिंगची वेळ लावताना आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटे जादा ठेवावीत, कारण कार्यक्रम घड्याळ पाहून संपतातच असे नाही. फाइल प्रक्षेपणाच्या मूळ रूपातच, म्हणजे टीएस स्वरूपात साठवण्याचा पर्याय निवडावा. मध्येच वीज गेली, तरी अशा फाइलचा तोपर्यंतचा भाग उघडतो. बायोसमध्ये ‘वीज परतल्यावर आपोआप सुरू हो’ ही सूचना असते, ती चालू करावी.

पावसाला मात्र उपाय नाही. फ्री डिश ज्या केयू बँडवर येते, त्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. कोकणातल्या आषाढातले रेकॉर्डिंग मधूनमधून चौकटी-चौकटींत फुटलेले निघाले, तर यंत्राला दोष देऊ नये.

विजेचे बिल किती वाढेल?

हा मुद्दा हौशी लोक टाळतात. जुना डेस्कटॉप काम नसतानाही ५० वॉट खात असेल आणि तो अहोरात्र चालू ठेवला, तर महिन्याला ३६ युनिट जळतात. फुकटच्या वाहिन्यांसाठी हे परवडणारे नाही. दोन मार्ग आहेत. एक, रेकॉर्डिंगच्या आधी संगणकाने आपोआप जागे व्हावे आणि नंतर झोपावे, अशी व्यवस्था करणे. दुसरा, ८ ते १० वॉटमध्ये भागणारा छोटा संगणक वापरणे. त्याचे महिन्याला सहा-सात युनिट होतात. नव्याने खर्च करणाऱ्याने दुसरा मार्ग धरावा.

कायदा काय म्हणतो?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला तिच्या प्रक्षेपणावर २५ वर्षांचा स्वतंत्र हक्क आहे. त्याच कायद्याचे कलम ३९ सांगते, की स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी ध्वनिमुद्रण अथवा चित्रमुद्रण करणे हा त्या हक्काचा भंग ठरत नाही. कलम ५२ मध्येही खासगी वापराला जागा आहे.

या सवलतीची हद्द घराच्या उंबरठ्यापर्यंत आहे. तीच फाइल यूट्यूबवर चढवणे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात वाटणे किंवा विकणे यात बसत नाही. सांकेतिक वाहिन्यांचे कुलूप तोडण्याची साधने विकणारेही भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक तंत्र भेदणे हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ अ नुसार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. इथे ज्या रेकॉर्डरविषयी सांगितले, त्याला काहीही तोडावे लागत नाही.

यूट्यूब असताना ही खटपट कशाला?

बहुतेकांना ती खरोखरच नको. अधूनमधून एखादा कार्यक्रम साठवायचा असेल, तर फ्री डिशचे अनेक स्वस्त बॉक्स पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग करतात. घेण्याआधी ती फाइल संगणकावर उघडते का, एवढे दुकानातच तपासावे. उघडत असेल तर संगणक जुळवण्याची गरज नाही. रोज ठरावीक वेळी, अनेक वाहिन्यांवरून, वर्षानुवर्षे साठवायचे असेल आणि घरातल्या कुठल्याही पडद्यावर पाहायचे असेल, तर मात्र लिनक्सचा रेकॉर्डरच कामाचा.

पण ‘सगळे यूट्यूबवर मिळते’ हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. वाहिन्या सगळेच चढवत नाहीत आणि चढवलेले राहीलच याची हमी कुणी देत नाही. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘गजरा’ किंवा ‘आमची माती आमची माणसं’ची आठवण पन्नाशीपुढचे अनेक जण काढतात. त्यातला आपल्या आठवणीतला नेमका भाग आज शोधून पाहावा.

परदेशातही हेच घडले. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेप पुन्हा वापरण्यासाठी आणि जागेसाठी अनेक कार्यक्रम पुसून टाकले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकता येतो, तो प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवला होता म्हणून. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या माजी ग्रंथपाल महिलेने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत घरी बातम्या रेकॉर्ड केल्या. सुमारे ७० हजार कॅसेटचा तो साठा पुढे इंटरनेट आर्काइव्हकडे गेला. संस्थांनी जे जपले नाही, ते काही वेळा घरांनी जपले. तेव्हा कॅसेट त्याच प्रकारच्या कुठल्याही व्हीसीआरमध्ये चालत असे, म्हणून ते शक्य झाले.

घरगुती रेकॉर्डर पूर्ण स्वतंत्र असतो का?

नाही, आणि हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत मिथटीव्ही वापरणारे कार्यक्रमांच्या वेळापत्रकासाठी एका फुकट सेवेवर अवलंबून होते. २००७ मध्ये ती बंद झाली. तेव्हा वापरकर्त्यांनीच ‘शेड्यूल्स डायरेक्ट’ ही ना-नफा संस्था उभी करून, वर्गणी भरून वेळापत्रक मिळवले. फ्री डिशवरच्या वाहिन्या बदलतात, फ्रिक्वेन्सी बदलतात. मग पुन्हा शोध घ्यावा लागतो. डिस्क बिघडली तर दाद मागायला कंपनी नसते. म्हणून जपायच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवलीच पाहिजे.

मग बदलायला काय हवे?

प्रत्येकाने लिनक्स शिकावे, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. अपेक्षा धोरण ठरवणाऱ्यांकडून हवी. एका कंपनीचा सेट टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालला पाहिजे, अशी शिफारस ‘ट्राय’ने एप्रिल २०२० मध्ये केली होती. भारतीय मानक ब्युरोने उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी मानकही आणले आहे. या दोन्हींच्या पुढे एक पाऊल टाकता येईल. जे प्रक्षेपण मुळात खुले आहे, निदान त्याचे रेकॉर्डिंग तरी बॉक्सने किंवा टीव्हीने कुलपात घालू नये. सशुल्क वाहिन्यांचा व्यवसाय त्याने बुडत नाही. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या वाहिनीवरचा कार्यक्रम लोकांना साध्या फाइलच्या रूपात ठेवता यावा, एवढेच मागणे आहे. आणि कुलूप घातले जात असेल, तर ‘बॉक्स बदलल्यास रेकॉर्डिंग उघडणार नाही’ हे खोक्यावर ठळक मराठीत छापावे. आम्हाला ते आधी कळले असते, तर टीव्हीसमोर मोबाइल धरून का होईना, ती चार मिनिटे टिपली असती.

तोवर ज्यांच्या घरातले कुणी, गावातले कुणी सह्याद्रीवर दिसणार असेल, त्यांनी कार्यक्रमाच्या आधीच एक काम करावे. पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करून डिस्क किंवा पेन ड्राइव्ह काढावा आणि शेजारच्या संगणकावर उघडून पाहावा. उघडला नाही, तर दुसरी सोय करायला वेळ हातात असतो. कार्यक्रम होऊन गेल्यावर तो नसतो.